चुकीच्या कलमाखालचा खटला

अ‍ॅरिझोनाला जाऊन आलेल्या मराठी माणसाचा एक लेख मी गेल्या काही वर्षांत वेगवेगळ्या नावांखाली अनेकदा वाचला आहे. विमानाच्या खिडकीतून दिसणारी तपकिरी जमीन त्यात आधी येते. मग निवडुंग येतो, बाहेरचे पंचेचाळीस अंश येतात, आणि सरकते दार उघडून लेखक मॉलमध्ये शिरतो. आत गारवा, कारंजे, काचेच्या छताखाली कुंड्यांतली झाडे. इथे लेखक चिडतो. भर वाळवंटात हे कशाला? हे पाणी कुणाचे, ही वीज कुणाची? शेवटी बंद पडलेल्या एखाद्या मॉलचे वर्णन असते: ओस वाहनतळ, डांबराच्या भेगांतून वर आलेले गवत. निसर्गाने माणसाच्या हव्यासाला धडा शिकवला, असा निकाल देऊन लेख संपतो. अलीकडच्या लेखांत निसर्गाच्या जागी अ‍ॅमेझॉन असते, एवढाच फरक.

या लेखाशी माझे भांडण आहे. फिनिक्सला लागून असलेल्या चँडलर गावात मी एकोणीस वर्षे राहतो. मॉलचा मी भक्त नाही आणि वकीलही नाही. पण मॉलवर लावलेला हा आरोप चुकीचा आहे आणि त्याच्या गोंगाटात खरा आरोप कुणाला ऐकूच येत नाही. ज्या शहरात सावली आणि गारवा हा जगण्यामरण्याचा प्रश्न आहे, त्या शहराने आपला बहुतेक सामायिक गारवा दुकानांच्या मालकांकडे सोपवला. त्यासाठी सरकारी पाणी, सरकारी रस्ते आणि सरकारी पैसा दिला. बदल्यात लोकांसाठी काही लिहून घेतले नाही. खटला भरायचा तर या कलमाखाली भरा.

आधी पाण्याचा हिशेब. अ‍ॅरिझोनात वापरल्या जाणाऱ्या पाण्यातले सत्तर टक्क्यांहून अधिक पाणी शेतीला जाते. उरलेल्यातला मोठा भाग घरांचा, आणि घरांच्या वापरातही अंगणातली हिरवळ आणि पोहण्याचे हौद पुष्कळ पाणी पितात. फिनिक्समधला पार्क सेंट्रल मॉल १९५७ मध्ये एका दुग्धशाळेच्या जागेवर उभा राहिला. १९६१ चा क्रिसटाउन हा राज्यातला पहिला पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित मॉल. तो क्रिस हॅरी नावाच्या शेतकऱ्याच्या जमिनीवर आला आणि नावही त्याचेच लागले. फिनिक्सच्या या खोऱ्यात मॉल बहुधा ओलिताच्या शेतजमिनीवर आले आहेत. लसूणघासाचे एक एकर शेत वर्षभरात जेवढे पाणी घेते, त्याच्या तुलनेत एकरभर मॉलचे पाणी कमीच भरते. याच राज्याच्या पश्चिम भागात एका सौदी मालकीच्या कंपनीने सरकारी जमिनी भाड्याने घेऊन भूजलावर घास पिकवला आणि तो जहाजाने सौदी अरबस्तानातल्या गाईंना पाठवला. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यपाल केटी हॉब्स यांनी ते भाडेपट्टे संपवायचा निर्णय घेतला. कारंज्यावर चिडणाऱ्या आमच्या लेखकाच्या लेखात हा घास कधी येत नाही, कारण तो महामार्गावरून दिसत नाही.

वर्षाला सात-आठ इंच पाऊस पडणाऱ्या प्रदेशात लाखो माणसांनी राहावे का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. पण तो माझ्या घरालाही लागू होतो, आणि माझ्याकडे उतरून मॉलवर लेख लिहिणाऱ्या पाहुण्यालाही.

आउटलेटची गोष्ट निराळी आहे, आणि तिच्यावर मला थोडे थांबायचे आहे. भारतात जायच्या आदल्या शनिवारी आम्ही सगळेच तिथे असतो. तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा भरायच्या असतात, भाच्याचे बूट, मामीची पर्स, कुणासाठी तरी घड्याळ. आमच्या जवळचे फिनिक्स प्रीमियम आउटलेट्स एप्रिल २०१३ मध्ये उघडले. पाहुण्याला ते आणखी एक उधळपट्टीचे ठिकाण वाटते. ते कुणाच्या जमिनीवर आहे, हे तो विचारत नाही.

ती जमीन गिला रिव्हर इंडियन कम्युनिटीची आहे. तिथले अकिमेल ओओधाम, म्हणजे ‘नदीचे लोक’. बाहेरच्यांनी त्यांना पिमा म्हटले. गिला नदीच्या काठी कालवे काढून ते पिढ्यान्‌पिढ्या शेती करत होते. १८४९ नंतर कॅलिफोर्नियातल्या सोन्यामागे निघालेल्या हजारो वाटसरूंनी याच लोकांचा गहू खाऊन वाळवंट ओलांडले. मग वरच्या अंगाला गोरे वसाहतवाले आले, त्यांनी नदीचे पाणी आपल्या शेतांकडे वळवले, आणि एकोणिसावे शतक संपेपर्यंत नदीच्या लोकांची नदी कोरडी पडली. शेतकरी माणसे सरकारी शिध्यावर आली. पिठावर आणि चरबीवर जगणे नशिबी आले, आणि पुढच्या पिढ्यांमध्ये मधुमेह इतका पसरला की जगात कुठे नोंदलेले नव्हते एवढे प्रमाण तिथे आढळले. शंभरावर वर्षे भांडल्यावर, २००४ च्या कायद्याने त्यांना वर्षाला ६,५३,५०० एकर-फूट पाण्याचा हक्क मिळाला. आपल्या मापात ते सुमारे साडेअठ्ठावीस टीएमसी होते. खडकवासला साखळीतली चारही धरणे काठोकाठ भरली की पुण्याकडे जेवढे पाणी असते, जवळपास तेवढे.

अमेरिकेतल्या कपड्यांच्या दुकानांत ‘पिमा कॉटन’ लिहिलेले शर्ट मिळतात. लांब धाग्याचा तो कापूस विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच लोकांच्या वस्तीत, सॅकटन इथल्या सरकारी केंद्रावर तयार झाला. पिकवायला पिमा शेतकऱ्यांनी हातभार लावला म्हणून त्यांचे नाव दिले गेले. ज्यांचे पाणी गेले त्यांच्या नावावर कापूस विकला गेला. आता महामार्गालगतच्या आपल्या जमिनीवर त्यांनी दुकाने येऊ दिली आणि जमीन स्वतःच्या हाती ठेवून तिचे भाडे घेतले, तर त्यांना निसर्गाविषयी धडे देण्याचा अधिकार मला नाही. पाहुण्या लेखकालाही नाही. वाळवंटातल्या दुकानांविषयी सरसकट बोलणाऱ्याने आधी सातबारा पाहावा.

आता अ‍ॅमेझॉन. ‘ऑनलाइन खरेदीने मॉल मारले’ हे वाक्य इतके रुळले आहे की ते तपासावे असे कुणाला वाटत नाही. आपण साध्या तारखा लावून पाहू. फिनिक्सच्या वायव्येला आय-१७ महामार्गाच्या कडेला मेट्रोसेंटर १९७३ मध्ये उघडले. पाच मोठी डिपार्टमेंट स्टोअर्स, आत बर्फावर घसरायचे रिंगण. १९८९ च्या ‘बिल अँड टेड्स एक्सलंट अ‍ॅडव्हेंचर’ या सिनेमात दिसणारा मॉल हाच. तो वेस्टकॉर कंपनीने बांधला होता. याच वेस्टकॉरने १९९३ मध्ये तिथून दहाएक मैलांवर, ग्लेनडेल शहराच्या हद्दीत, अ‍ॅरोहेड टाउन सेंटर उघडले आणि वायव्येकडचे गिऱ्हाईक तिकडे वळले. अ‍ॅमेझॉनची स्थापना १९९४ ची. मेसा शहरातला फिएस्टा मॉल १९७९ चा. शेजारच्या चँडलरमध्ये २००१ मध्ये चँडलर फॅशन सेंटर आले, त्याआधी मेसाच्याच पूर्वेला सुपरस्टिशन स्प्रिंग्स आले होते, आणि फिएस्टाची घसरण सुरू झाली. तेव्हा खोऱ्यातली माणसे इंटरनेटवरून फार तर पुस्तके मागवत होती. ऑनलाइन खरेदीने या मॉलना शेवटचा धक्का दिला हे मी मान्य करतो. पण ते खचले होते आधीच, शेजारी उगवलेल्या नव्या मॉलमुळे. आणि ऑनलाइनचे वारे सगळ्यांना सारखेच लागत असताना स्कॉट्सडेल फॅशन स्क्वेअर महागड्या दुकानांनी भरत गेले, तिथे जागा मिळवायला रांग आहे. श्रीमंत वस्तीतला मॉल टिकला आणि साध्या वस्तीतला पडला, याला इंटरनेट कसे जबाबदार?

एकाच खोऱ्यात एवढे मॉल का बांधले गेले, याचे उत्तर करात आहे. अ‍ॅरिझोनातल्या नगरपालिकांचा मोठा आधार विक्रीकर. पावती ज्या गावाच्या हद्दीत फाटते, त्या गावाच्या तिजोरीत कर जातो. फिनिक्स, स्कॉट्सडेल, मेसा, ग्लेनडेल, चँडलर ही गावे एकमेकांत मिसळलेली आहेत. रस्त्याचा एक काठ एका गावाचा, समोरचा दुसऱ्याचा. त्यामुळे प्रत्येक नगरपालिकेला मॉल आपल्या काठाला हवा असतो, समोरच्या काठाचा बुडाला तरी चालेल. बांधकाम कंपन्यांनी हे ओळखले आणि गावांना एकमेकांविरुद्ध बोली लावायला लावली. ईशान्य फिनिक्समधल्या सिटीनॉर्थ प्रकल्पासाठी फिनिक्स महापालिकेने ९ कोटी ७४ लाख डॉलरपर्यंत देण्याचे कबूल केले, तिथल्याच विक्रीकरातून. बदल्यात काय मिळणार होते? लोकांसाठी सुमारे तीन हजार गाड्या मोफत लावायची जागा, म्हणजे मॉलला स्वतःच्या गिऱ्हाइकांसाठी लागणारीच जागा. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. जानेवारी २०१० मध्ये न्यायालयाने सांगितले की पुढे येणारा कर आणि रोजगार असे आडून मिळणारे फायदे मोबदल्यात धरता येणार नाहीत. सरकारी पैशाच्या बदल्यात जे प्रत्यक्ष पदरात पडते त्याचीच किंमत मोजायची. निकाल पुढच्या व्यवहारांसाठी लागू केला गेला.

म्हणून ‘बाजाराने मॉल बांधले, बाजाराने पाडले, आपण कोण बोलणारे’ हा तिसरा युक्तिवादही टिकत नाही. फिनिक्सला पाणी देणारे रूझवेल्ट धरण १९११ मध्ये केंद्र सरकारने बांधले. कोलोरॅडो नदीचे पाणी ३३६ मैल वाहून आणणारा आणि वाटेत डोंगरांवर चढवणारा सेंट्रल अ‍ॅरिझोना कालवा १९७३ ते १९९३ अशी वीस वर्षे सरकारच बांधत होते. मेट्रोसेंटर ज्या आंतरराज्य महामार्गाला चिकटून उभे राहिले, तशा महामार्गांचा नव्वद टक्के खर्च केंद्राने उचलला. वाळवंटात मॉलची एक वीटही लोकांच्या पैशाशिवाय बसलेली नाही. तेव्हा बोलण्याचा अधिकार लोकांना आहे.

क्रिसटाउनचा आराखडा व्हिक्टर ग्रुएन यांचा. १९३८ मध्ये नाझींपासून जीव वाचवून ते व्हिएन्नाहून अमेरिकेत आले. मिनेसोटात १९५६ मध्ये त्यांनी अमेरिकेतला पहिला बंदिस्त मॉल बांधला तो कडाक्याच्या थंडीवर उपाय म्हणून, आणि पाच वर्षांनी फिनिक्समध्ये उन्हावर. त्यांच्या मनात व्हिएन्नाचे चौक होते. गाडीत कोंडलेल्या अमेरिकन माणसाला पायी फिरायला जागा मिळावी, भोवती घरे, शाळा, दवाखाने यावेत. ते सगळे वगळून दुकाने तेवढी ठेवली गेली, आणि म्हातारपणी ग्रुएन यांनी आपल्या या अपत्याशी असलेले नाते जाहीरपणे तोडले. फिनिक्समध्ये मात्र लोकांनी मॉलचा चौक करून टाकला, कारण मे ते सप्टेंबर दुसरा चौक नव्हता.

त्या चौकावर लोकांचा किती हक्क होता, हे १९८७ मध्ये कळले. राज्यपाल इव्हान मेकम यांना परत बोलावण्यासाठी त्या वर्षी जुलैत सह्यांची मोहीम सुरू झाली. अ‍ॅरिझोनाच्या जुलैत माणसे भेटणार कुठे? मॉलमध्ये. कार्यकर्ते फिएस्टा मॉलमध्ये सह्या घेऊ लागले, मालकांनी हरकत घेतली, आणि १९८८ मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने मालकांच्या बाजूने निकाल दिला. ही खाजगी मालमत्ता आहे, राज्यघटनेने दिलेले भाषणाचे स्वातंत्र्य इथे मालकाविरुद्ध चालत नाही. कायद्याने तो निकाल बरोबर असेलही. पण ज्या शहरात वर्षाचे चार-पाच महिने माणसे एकत्र जमू शकतील अशी जागा फक्त मॉलमध्ये आहे, तिथे या निकालाचा अर्थ असा होतो की उन्हाळ्यात लोकशाही बंद. पाण्याच्या कारंज्यावर पानेच्या पाने लिहिणाऱ्यांनी या निकालावर एक ओळ लिहिलेली मी वाचलेली नाही.

माझे आईवडील एका उन्हाळ्यात आमच्याकडे होते. वडिलांना रोज तासभर चालायची सवय, आणि इथे पहाटे पाचलाही बाहेर बत्तीस अंश. मी त्यांना सकाळी एका मॉलमध्ये सोडायचो. दुकाने उघडण्याआधी म्हाताऱ्या माणसांची तिथे जत्रा असते. पांढरे बूट, हातात पाण्याची बाटली, या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या. वडील आठवड्याभरात त्यातले एक झाले. एका दुपारी आम्ही तिथेच असताना बाकावर बसलेल्या एका माणसाला रखवालदाराने उठवले. माणूस कुणाच्या अध्यात ना मध्यात, शेजारी एक मळकी पिशवी होती एवढेच. काही घ्यायचे नसेल तर बसता येणार नाही, असे त्याला सांगितले गेले. तो उठला, पिशवी घेतली आणि दाराबाहेर गेला. बाहेर शेहेचाळीस अंश होते. वडिलांनीही त्या दिवशी काही विकत घेतलेले नव्हते. पण त्यांच्या अंगावर इस्त्रीचा सदरा होता. घरी येताना गाडीत त्यांनी विचारले, “अरे, तो आता कुठे गेला असेल रे?” माझ्याकडे उत्तर नव्हते.

उत्तर आकड्यांत आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्सचे तापमान सलग ३१ दिवस ११० फॅरनहाइट, म्हणजे सवात्रेचाळीस अंश सेल्सिअस किंवा त्याहून वर गेले. त्या वर्षी मॅरिकोपा काउंटीत उष्णतेमुळे ६४५ माणसे मेली. त्यांतली जवळपास निम्मी बेघर होती. जी घरात मेली, त्यांतल्या बहुतेकांचा एसी बंद होता, किंवा नव्हताच. २०१८ मध्ये एका वृद्ध बाईची वीज ५१ डॉलर थकले म्हणून तोडली गेली आणि त्या घरातच तिचा अंत झाला. त्यानंतर कुठे भर उन्हाळ्यात वीज तोडायला बंदी आली. डांबर इथे सत्तर अंशांच्या वर तापते, पडलेल्या माणसाची कातडी भाजते. हे सगळे माहीत असलेल्या शहरात मॉलच्या वाहनतळावर एकरच्या एकर डांबर पसरायला परवानगी मिळाली, आणि त्या डांबराच्या कडेला असलेल्या कितीतरी बसथांब्यांवर धड सावली नाही. मॉलमध्ये काम करणारी माणसे तिथेच उभी राहून बसची वाट पाहतात.

फिनिक्सने २०२१ मध्ये उष्णतेसाठी महापालिकेचे स्वतंत्र कार्यालय काढले, देशातले तसे पहिले. त्याचे मोल मी जाणतो. पण एकीकडे हे कार्यालय थंड जागा शोधत फिरते आणि दुसरीकडे जुने मॉल पाडून त्या जागी घरे, दुकाने आणि कचेऱ्या बांधायच्या परवानग्या त्याच महापालिकेतून निघतात. पॅराडाइज व्हॅली मॉल असाच गेला. परवानगी देण्याच्या त्या एका क्षणी शहराच्या हाती सगळे बळ असते. जमिनीचा वापर बदलून दिला की तिची किंमत कित्येक पटींनी वाढते. तेव्हाच अट घालता येते: इतकी सावली, इतकी झाडे, आणि कुणालाही काही विकत न घेता बसता येईल असे एक गार दालन, कायमचे, कागदावर. नंतर मागायला गेले तर मालक म्हणणार, ही खाजगी मालमत्ता आहे, आणि १९८८ चा निकाल समोर ठेवणार.

खोऱ्यात राहणाऱ्या मराठी मंडळींना माझे सांगणे आहे. आपण गणपती करतो, दिवाळी अंक काढतो, हॉल मिळवण्यासाठी धडपडतो. जुन्या मॉलच्या जागेवर नगर परिषदेत सुनावणी असते तेव्हा ती सर्वांना खुली असते आणि बोलायला दोन-तीन मिनिटे मिळतात. तिथे जा आणि गार दालनाची अट मागा. भारतातून येऊन लेख लिहिणाऱ्यांना विनंती एवढीच, की पुढच्या वेळी कारंज्यापाशी थांबू नका, बाहेरच्या बसथांब्यावर दुपारी तीन वाजता पंधरा मिनिटे उभे राहा.

मेट्रोसेंटर ३० जून २०२० ला बंद झाले. शहराची लाइट रेल तिथपर्यंत पोहोचली जानेवारी २०२४ मध्ये, साडेतीन वर्षांनी. मॉलला वेढा घालणाऱ्या मेट्रो पार्कवेवर महापालिकेचे चोया ग्रंथालय आहे. मॉलला गिऱ्हाईक होते तेव्हाही ते होते, मॉल गेल्यावरही राहिले. २०२४ च्या उन्हाळ्यात ते रात्री उशिरापर्यंत उघडे ठेवले गेले, उन्हाने भाजलेल्या कुणालाही येऊन बसता यावे म्हणून. तिथे बसायला काही विकत घ्यावे लागत नाही.